क्रिएटिनिनचा आकडा आकडा म्हणूनच पोचू द्या

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

वडिलांच्या मूत्रपिंडाच्या आजारात तीन वर्षांत जमलेले रक्ततपासणीचे सगळे अहवाल मी त्यांच्या आभा क्रमांकाशी, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळख क्रमांकाशी, जोडून घेतले आहेत. तरीही डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिनचे, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या रक्तातील घटकाचे, आकडे मला आलेख-कागदावर हाताने मांडून न्यावे लागतात. एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्याला लिहितो आहे, कारण तिचे उत्तर आपल्याच मंत्रालयाने फार पूर्वी शोधून ठेवले आहे.

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके भारताने २०१३ मध्येच जाहीर केली. पुढच्या वर्षी आपण स्नोमेड सीटी ही वैद्यकीय परिभाषा सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सदस्य झालो आणि तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेकडे आले. २०१६ मध्ये मानके सुधारली गेली, आणि २०१९ च्या राष्ट्रीय डिजिटल आरोग्य आराखड्याने माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ‘फायर’ हे मानक निवडले, तेव्हा त्याची चौथी आवृत्ती येऊन वर्षही झाले नव्हते. ज्यांनी हे वेळेवर ओळखले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

अडते ते शेवटच्या टप्प्यावर. एक प्रयोगशाळा ‘एस. क्रिएट’ लिहिते, दुसरी ‘सीरम क्रिएटिनिन’, तिसरी नुसतेच ‘क्रिएटिनिन’. तपासण्यांना संकेतांक देणाऱ्या लॉइंक या आंतरराष्ट्रीय प्रणालीत या तपासणीला २१६०-० हा संकेतांक आहे. त्याच्यासोबत आकडा आणि एकक आले, की तिन्ही अहवाल कोणताही संगणक एका रांगेत लावू शकतो. प्रत्यक्षात मोबाइलवर उघडते ती पीडीएफ. तपासणी यंत्रातून आकडा निघतो, प्रयोगशाळेच्या संगणकातही तो आकडाच असतो, आणि बाहेर पडताना मात्र त्याचा पुन्हा कागद होतो. हे नियमात बसते, कारण आरोग्य नोंदी एकमेकांशी जोडणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशन या सरकारी उपक्रमात फायरच्या वेष्टनात पीडीएफ घालून पाठवण्याची मुभा आहे. जुन्या केसपेपरांसाठी ती हवीच, पण यंत्राने दिलेल्या आकड्यासाठी तिची काय गरज?

गेल्या वर्षी वडिलांना रात्री दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले. तिथल्या डॉक्टरांना एवढेच हवे होते, की क्रिएटिनिन कित्येक महिन्यांत हळूहळू चढले की आठवड्याभरात एकदम, कारण उपचाराची दिशा त्यावर ठरणार होती. मी एकेक पीडीएफ उघडून आकडे वाचत होतो आणि डॉक्टर ते एका पाकिटाच्या पाठीवर उतरवून घेत होत्या.

म्हणून विनंती अशी, की ज्या तपासणीचा निकाल यंत्रातून आकड्यात निघतो, तिची नोंद संकेतांकासह पाठवणे ठरावीक मुदतीनंतर बंधनकारक करावे, आणि त्याची सुरुवात रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांपासून व्हावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजनेत रक्कम नोंदींच्या संख्येवर ठरवली गेली. अशा योजनेत पीडीएफ आणि संकेतांकित नोंद यांना एकाच मापाने मोजू नये. तालुक्याच्या ठिकाणी दोन माणसांवर चालणाऱ्या प्रयोगशाळेला संकेतांक शोधत बसणे जमणार नाही, हे मी जाणतो. त्यांच्यासाठी तपासण्यांची नावे संकेतांकांशी जुळवून देण्याची जबाबदारी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांवर टाकावी, आणि तसे केल्याशिवाय त्यांच्या सॉफ्टवेअरला मिशनशी जोडणी देऊ नये.

कळावे,

आपला विश्वासू,
एका रुग्णाचा मुलगा