आदरणीय अण्णा, माझ्या आईचं पेन्शन तुमच्यामुळे सुरू झालं

आदरणीय अण्णा हजारे यांना,
सा. न. वि. वि.

आपली कधी भेट झालेली नाही. मी आष्टी तालुक्यातल्या एका खेड्यातली. तुमचं पारनेर आमच्यापासून फार लांब नाही आणि दुष्काळ तर दोन्हीकडे सारखाच.

माझ्या आईचं श्रावणबाळ योजनेचं पेन्शन एकाएकी बंद झालं. कचेरीत गेलं की 'साहेब मीटिंगला गेलेत', 'वरून पैसेच आले नाहीत', 'सोमवारी या' हीच उत्तरं. आई मात्र पासबुक पिशवीत घालून दर वेळी आशेनं निघायची. शेवटी गावातल्या एका मास्तरांनी सांगितलं, माहितीच्या अधिकारात अर्ज कर. त्याचा नमुना, जोडपत्र 'अ', भर, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि एवढंच विचार: नाव कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीनं, कशाच्या आधारावर कमी केलं?

तीस दिवसांच्या आत यादीची प्रत हातात पडली. आईच्या नावापुढे शेरा होता, 'मयत'. आई तेव्हा अंगणात बाजरी पाखडत होती. वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग कालची भाकरी कुणी खाल्ली?" तो कागद घेऊन परत गेले, तेव्हा मला पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली. पेन्शन सुरू झालं, थकलेले पैसेही जमा झाले.

अण्णा, 1965 च्या युद्धात खेमकरणला तुम्ही चालवत होता त्या गाडीवर हल्ला झाला. सोबतचे जवान गेले, तुम्ही वाचलात. उरलेलं आयुष्य लोकांसाठी घालवायचं असं तुम्ही ठरवलंत आणि 1975 साली राळेगणसिद्धीला परतलात. स्वतःच्या फंडाचे पैसे घालून यादवबाबांचं देऊळ दुरुस्त केलंत आणि घरी न जाता तिथेच राहिलात. मग दारूबंदी, श्रमदान, नाला बंडिंग, गळक्या पाझर तलावाची दुरुस्ती. वर्षाला जेमतेम 400-500 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात विहिरींना पाणी टिकायला लागलं. आमच्याकडची माणसं एस.टी.नं ते बघायला जायची. दारुड्यांना खांबाला बांधून मारण्याची तुमची रीत मला कधीच पटली नाही, तेही इथे सांगायला हवं.

पण माहितीच्या अधिकारासाठी तुम्ही जे सोसलंत, त्याची उतराई कशी व्हायची? 2003 च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर तुम्ही उपोषणाला बसलात, तेव्हा कुठे राज्याचा कायदा मार्गी लागला. देशाचा कायदा आला 2005 साली. त्यात राजस्थानातल्या मजुरांच्या जनसुनावण्यांचा वाटा फार मोठा, त्यांचेही आभार. पण आमच्या तालुक्यातल्या माणसाला 'तू विचारू शकतोस' हे कळलं ते तुमच्या दौऱ्यांमधून, तुमच्या सभांमधून. आमच्या मास्तरांनीही ते अशाच एका सभेत ऐकलं होतं.

आता वाडीवरच्या बायका अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचं घरकुल. पैसे घेत नाही. परवा एका आजींनी विचारलं, "हा कायदा केला कुणी?" तुमचं नाव सांगितलं. त्यांनी तुम्हाला नमस्कार कळवायला सांगितलाय, आईनंही.

तब्येतीला जपा. आता उपोषण नको, अण्णा.

आपली,
आष्टी तालुक्यातली एक अर्जदार