आई-बाबांना, मार्टिन्सरीडला जाण्याआधी

पाषाण, पुणे
रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून लिहून पाठवतेय. मार्टिन्सरीडला जायचं मी नक्की केलंय. करारावर सही करून पाठवली. आधी तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी "जा" म्हटलं असतं आणि रात्रभर जागले असतात. ते मला नको होतं.

मार्टिन्सरीड म्हणजे म्युनिकची अगदी कड. तिथं माक्स प्लांकची जीवरसायन संस्था आहे. करार दोन वर्षांचा आहे, फार तर एक वर्ष वाढेल. दादाच्या वेळी जे झालं ते पुन्हा होणार नाही. परत येणाऱ्या संशोधकांसाठी आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, आणि त्या अर्जासाठी काय काय हाताशी असावं लागतं हे डोळ्यांपुढे ठेवूनच मी हे काम निवडलंय.

बाबा विचारतील, पुण्यात काय कमी आहे? काही नाही. रसायनांवर काम करणारी एनसीएल आहे, विद्यापीठाच्या आवारात पेशींवर काम करणारी एनसीसीएस आहे, विज्ञानाची आयसर आहे. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंची वजनं मोजणारी मशीनं, इथंही चांगली आहेत. अडचण आहे ती नमुना मशीनपर्यंत नेण्याची.

किडनीतली प्रथिनं ओळखायला आम्ही एरवी काय करतो सांगते. किडनीचा तुकडा 8 मोलर, म्हणजे चांगल्याच तीव्र, युरियात विरघळवायचा. डीटीटी नावाच्या रसायनाने प्रथिनांमधले गंधकाचे बंध सोडवायचे आणि ते परत जुळू नयेत म्हणून आयोडोअ‍ॅसिटामाइड घालायचं, तेही अंधारात, कारण उजेडात ते बिघडतं. मग युरिया पातळ करून 1 मोलरवर आणायचा, 50 भाग प्रथिनाला 1 भाग या हिशोबाने ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, घालायचं आणि 37 अंशांवर रात्रभर ठेवायचं. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांपाशीच कापतं, म्हणून तुकडे ठरावीक मिळतात आणि त्यांच्या वजनावरून मूळ प्रथिन ओळखता येतं. लवकर उरकायचं म्हणून कुणी युरिया तापवला की त्यातून सायनेट तयार होतं, ते लायसिनला चिकटतं आणि तिथं ट्रिप्सिन चालत नाही. सगळा नमुना वाया जातो. हे सगळं नीट केलं तरी हजारो प्रथिनं दिसतात ती अख्ख्या तुकड्याची. आई, भाजणी दळून आणल्यावर कुठला दाणा किडका होता हे कळत नाही, तसं.

मला बघायच्या आहेत पोडोसाइट नावाच्या पेशी. किडनीत रक्त गाळलं जातं त्या जाळीवर या पेशी पाय पसरून बसलेल्या असतात, आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत जाऊ न देणं हे बऱ्याच अंशी त्यांचं काम. त्या मेल्या तर नव्या सहजी येत नाहीत. मधुमेहात त्यांचे पाय आखडतात, जाळीवरची पकड सुटते. पण एकाच किडनीत एका ठिकाणच्या पेशी धडधाकट असतात आणि शेजारच्या ढासळलेल्या. ढासळायच्या आधी त्यांच्यात कुठलं प्रथिन बदलतं, हे तुकडा अख्खा विरघळवला की कधीच समजत नाही.

मार्टिन्सरीडच्या याच संस्थेतल्या मथियास मान यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली डीप व्हिज्युअल प्रोटिऑमिक्स नावाची पद्धत मांडली. ऊतकाचा पातळ काप विशिष्ट पडदा लावलेल्या काचपट्टीवर घ्यायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा. कॉम्प्युटर एकेका पेशीची कड आखतो आणि त्या कडेवरून लेझर नेमक्या हव्या त्याच पेशी कापतो. बाबा, तुमच्या मायक्रोमीटरचं लीस्ट काउंट 0.01 मिलिमीटर होतं ना? हा काप त्याच्या निम्म्या जाडीचा, 5 मायक्रॉनचा. कापलेला कण खालच्या प्लेटमधल्या खळग्यात पडतो. म्हणजे पडायला हवा. हवा कोरडी असली की स्थिर विद्युतभाराने तो कडेलाच चिकटून राहतो. मग अ‍ॅसिटोनायट्राइलचा थेंब टाकून, प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून तो तळाशी आणावा लागतो आणि आलाय की नाही ते पुन्हा बघावं लागतं. एका पेशीत प्रथिन असतं साधारण 200 पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा पाचवा हिस्सा, आणि कापात अख्खी पेशीही येत नाही. एवढंसं प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीलाच चिकटून संपू शकतं. त्यामुळे सगळी रसायनं काही मायक्रोलिटरमध्ये बसवायची आणि तेवढ्यात ती वाळूही द्यायची नाहीत. हे कागदावर वाचून हातात येत नाही, जे रोज करतात त्यांच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. तुम्ही स्वतः नव्या पोरांना लेथवर असंच शिकवलंत.

किडनीच का, हे तुम्ही विचारणार नाही, पण मनात येईल. बाबा, तुमच्या लघवीतलं अल्ब्युमिन 42 आलं म्हणून मी हा विषय घेतलेला नाही, आधीपासून तोच होता. आणि 42 म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. लघवीतल्या क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमच्या आत असावं, तुमचं थोडं वर आहे, आणि या टप्प्यावर ते खालीही आणता येतं. फक्त एका रिपोर्टवर काही ठरवायचं नसतं. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तरच ते खरं धरतात. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. पर्वती चढून आलात त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी देऊ नका, जास्त श्रमानेही अल्ब्युमिन वाढतं. तापात नाही, लघवीला जळजळ असताना नाही.

टेल्मिसार्टन प्रेशरसाठी आहे तसंच त्या जाळीसाठीही आहे. प्रेशर नॉर्मल आलं म्हणून मनाने बंद करायचं नाही. आणि साखरेची एचबीएवनसी तपासणी दर तीन महिन्यांनी. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांत रक्तातली साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते, म्हणून तो आकडा मागच्या काही आठवड्यांचा खरा हिशोब सांगतो. आदल्या दोन दिवसांत गोड सोडून तो बदलत नाही, बाबा.

आई, थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्ध्या तासाने. शमामावशी आली की तू तिच्याबरोबर लगेच चहा घेतेस, ते बंद. कॅल्शियमची गोळी चार तासांनी, ती दुपारच्या जेवणाबरोबर घेत जा. केसांसाठी घेतेस त्या गोळ्यांत बायोटिन आहे. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून तपासणीच्या आधी दोन दिवस त्या घेऊ नकोस आणि लॅबमध्ये तसं सांग.

माझं सगळं नीट आहे. संस्थेने सुरुवातीला राहायची खोली बघून दिलीय, हीटर आहे, नळाचं पाणी तसंच पिता येतं. आरोग्य विमा तिथं सक्तीचाच आहे. म्युनिक स्टेशनच्या आसपास भारतीय किराणा मिळतो, तूरडाळ, गूळ, सगळं. मेतकूट आणि गोडा मसाला मात्र तुझाच नेणार. तू विणलेला मोरपंखी स्वेटर रोज घालणार, फक्त नमुने करायच्या खोलीत नाही. लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिनच, तिचा एक तंतू पडला तरी मशीनला आधी मेंढीच दिसते आणि पोडोसाइट मागे राहतात. बाहेरच्या कपाटात काढून ठेवीन आणि निघताना पुन्हा घालीन, वाईट वाटून घेऊ नकोस.

अजूनही दुधावर साय दिसली की ती कुणाच्या कपात टाकू म्हणून बाबांचा कप शोधते मी. तिथं काय करीन माहीत नाही.

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, थंडीत साडेचार. तुमची रात्रीची जेवणं झाली की मी लॅबमधून बाहेर पडत असेन, तेव्हा रोज फोन. गॅस आणि विजेचं बिल माझ्याच खात्यातून जाईल, त्यावर चर्चा नको. औषधं महिन्याच्या 25 तारखेला घरपोच येतील. रिपोर्टचा फोटो काढताना आकड्याशेजारचं एकक आणि तारीख दिसू दे, नुसतं "बरं आहे" चालणार नाही.

तुमची लाडकी,
ठमी

ता. क. बाबा, गुडघ्यासाठी आणलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांच्या पट्ट्या देवघराच्या खणात आहेत, मी पाहिल्यात. त्या किडनीला त्रास देतात, टेल्मिसार्टनबरोबर तर जास्तच. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, आणि त्या पट्ट्या आईने आजच काढून टाकाव्यात.