खरा प्रश्न सरकारचा नाही, पैशाचा आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंटरनेट अमेरिकेच्या ताब्यात आहे, ते काढून युनोकडे द्या, असं दर थोड्या दिवसांनी कुणीतरी लिहितं आणि बाकीचे माना डोलावतात, म्हणून हे पत्र. वेबसाइटची नावं आणि आयपी नंबर (म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांचे पत्ते) यांचं मुख्य रजिस्टर सांभाळते आयकॅन नावाची संस्था, आणि त्या कामावर अमेरिकन सरकारची जी देखरेख होती तो करार १ ऑक्टोबर २०१६ ला संपला. संस्था कॅलिफोर्नियात नोंदवलेली आहे, तिला तिथलाच कायदा लागू होतो, हे मान्य. पण २०२२ मध्ये युक्रेनने रशियाचं डॉट आरयू काढून टाका म्हणून पत्र पाठवलं तेव्हा आयकॅनने सरळ नाही म्हटलं, आमचं काम रजिस्टर चालू ठेवायचं, शिक्षा करायचं नाही. माझ्या मते बरोबर केलं. एकदा का असं एखाद्या देशाचं नाव पुसलं की मग पुढचा अर्ज कुणाचा येईल आणि कुणाविरुद्ध येईल ते सांगता येत नाही.

मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. डॉट ऑर्ग बघा. जगभरच्या सेवाभावी संस्था ज्या नावाखाली बसल्यात ते. २०१९ मध्ये आयकॅनने त्यातल्या नावांच्या फीवरची कमाल मर्यादा काढायचं ठरवलं, लोकांची मतं मागवली, ३ हजारांहून जास्त आली, जवळजवळ सगळी विरोधात, आणि तरीही मर्यादा काढलीच! मग मतं मागवली कशाला? त्यानंतर काही महिन्यांतच बातमी आली की डॉट ऑर्ग चालवणारी अख्खी संस्थाच एक नवीकोरी गुंतवणूक कंपनी घेतेय, १ अब्ज डॉलरच्या वर किंमत, आणि त्या कंपनीला सल्ला द्यायला आयकॅनचाच एक माजी सीईओ. प्रचंड आरडाओरडा झाला, कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलने कडक पत्र लिहिलं, तेव्हा कुठे ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने परवानगी नाकारली. ज्या सरकारी हस्तक्षेपाला आपण नावं ठेवतो तोच इथे उपयोगी पडला, हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

नंबरांचं तर आणखी अवघड. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते साधारण ४३० कोटी, त्यांचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. जगात पाच प्रादेशिक संस्था हे पत्ते वाटतात आणि पद्धत अशी की गरज दाखवा, पत्ते घ्या. साठा होता तोपर्यंत हे चाललं, कारण फुकटासारख्या मिळणाऱ्या गोष्टीवर भांडतंय कोण. टंचाई झाली, पत्त्यांचा बाजार उभा राहिला, खरेदी-विक्री भाडं सगळं सुरू झालं आणि आफ्रिकेच्या संस्थेत त्याचा स्फोट झाला. एका कंपनीला ६० लाखांहून जास्त पत्ते दिलेले, ते परत मागायला संस्था गेली तर प्रकरण मॉरिशसच्या कोर्टात, २०२१ मध्ये संस्थेची बँक खाती गोठवली, पुढे संचालक मंडळच उरलं नाही आणि कोर्टाला रिसीव्हर, म्हणजे कारभार बघणारा माणूस, नेमावा लागला. एका अख्ख्या खंडाचे पत्ते वाटणारी संस्था ही! नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, पत्ते म्हणाल तेवढे आहेत, पण जुन्यावाचून अजून सगळ्यांचं चालत नाही, त्यामुळे जुन्याचा भाव काही शून्यावर येत नाही.

म्हणजे विश्वासावर उभ्या केलेल्या संस्था, आणि आता त्यांच्या हातात कोट्यवधींचा माल. युनोकडे देऊन यातलं काय सुटणार? मालाची किंमत तर तेवढीच राहणार, उलट देशादेशांचं राजकारण वर.

त्यापेक्षा साधी मागणी करूया. डॉट कॉमची घाऊक फी (नावं विकणाऱ्या कंपन्यांकडून घेतात ती) किती वाढवायची याला निदान करारात मर्यादा आहे, दर सहा वर्षांतल्या शेवटच्या चार वर्षांत दरवर्षी जास्तीत जास्त ७ टक्के. तीसुद्धा मला जास्तच वाटते, पण आहे तरी. डॉट ऑर्गला तेवढीही नाही. त्याचा सध्याचा करार १० वर्षांचा, २०१९ चा, म्हणजे २०२९ मध्ये पुन्हा चर्चेला येणार. त्यात मर्यादा परत घाला, आणि आयकॅनमधून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांनी काही वर्षं तरी या धंद्यात सल्लागार व्हायचं नाही असा नियम करा. मतं मागवतील तेव्हा ज्यांच्या संस्थांची नावं डॉट ऑर्गवर आहेत त्यांनी जरूर लिहावं, आणि यावेळी लोकांचं मत डावललं तर का डावललं ते आयकॅनने लेखी द्यावं.

आपला,
एक वाचक