मुलींना अशा कथा वाचू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काळ्याकुट्ट भविष्याच्या, बायकांवरच्या जुलमाच्या कादंबऱ्या हे परदेशी फॅड आहे, आपल्या मुलींच्या हाती प्रेरणादायी चरित्रंच द्यावीत, असा सल्ला आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात वाचला. मी धारूर तालुक्यात एक लहानसं वाचनालय चालवते. येणाऱ्या बऱ्याच मुली ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या. आईबाप कारखान्यावर, मुली आजीजवळ. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अॅटवुड यांची १९८५ची ‘द हँडमेड्स टेल’ ही अशीच कादंबरी मी या मुलींना रोज थोडी थोडी मराठीत सांगितली. त्यातल्या राज्यात बायकांना वाचायला बंदी, म्हणून दुकानांच्या पाट्यांवर अक्षरांऐवजी चित्रं. बायकांच्या नोकऱ्या आणि खात्यातले पैसे एका दिवसात जातात. मूल जन्माला घालण्यासाठी जिला ज्या मालकाकडे ठेवलं, त्याच्याच नावाने तिला ओळखायचं. गोष्ट इथवर आल्यावर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या ताईचं बी असंच केलं की.” लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, आता माहेरीसुद्धा तिला जुन्या नावाने कुणी हाक मारत नाही. ताई तेव्हा सोळा वर्षांची होती. त्यानंतर आमच्या वाचनालयात बराच वेळ नुसत्या ताई, मावश्या, वहिन्या निघत होत्या. चरित्रं मीही वाचायला देते, पण चरित्र वाचून मुली घरातलं असं कधी बोलल्या नव्हत्या.

जगात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं काहीही आपण त्या पुस्तकात घातलं नाही, असं अॅटवुड यांनी सांगून ठेवलं आहे. बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला ते वेगळं पटवायला नको. मजूर तोडीला नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असला तर अर्धा. पोरापोरींची लग्नं घाईने उरकण्यामागे हाही हिशेब असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाळीमुळे खाडा नको म्हणून ऐन तिशीत पिशवी काढून टाकलेल्या बायका आमच्या गल्लीत आहेत. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली.

आणि परदेशी कसलं? बंगालच्या लेखिका बेगम रुकैया यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेत अॅटवुड यांच्या राज्याच्या उलट जग रंगवलं होतं: पुरुष पडद्यात, देश बायकांच्या हाती. मद्रासच्या मासिकात ते छापूनही आलं.

आमच्या बारावीतल्या एका मुलीने आता स्वतःच कथा लिहिली आहे. तिच्या गोष्टीत रेशनकार्ड माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळतं. आणि लग्नाला नाही म्हणणारी मुलगी चोरून उसाच्या वजनाच्या पावत्या वाचायला शिकते. मधे थोडी लांबली आहे, पण मुकादमाची भाषा तिने अचूक पकडली आहे. हस्तलिखित सोबत जोडलं आहे.

आपल्या पुरवणीत महिन्यातून एक पान मराठवाड्यातल्या मुलींच्या अशा कथांना द्यावं, ही विनंती. मानधन थोडं का असेना, ते मुलीच्या स्वतःच्या खात्यावर जमा करावं.

आपली,
एक वाचनालय चालवणारी,
ता. धारूर, जि. बीड