सोहम, मानेला कुणाला हात लावू देऊ नको

सोहम,
काल फोनवर तू सहज बोलून गेलास, हॉस्टेलखालच्या सलूनमध्ये चंपी करून घेतली, आणि तो मान मोडायला लागला तेव्हा नको म्हणायला लाज वाटली. मी तेव्हा गप्प बसले पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. परत तेच लेक्चर द्यायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय.

अरे पण लाजायचं काय त्यात? सरळ सांगायचं, मानेत स्क्रू आहेत, हात लावू नको. वरचे दोन मणके जोडलेत, खालचे मोकळेच आहेत, आणि मानेतून मेंदूला रक्त नेणारी धमनी तीच आहे. धडधाकट माणसाची पण अशा झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी आतून फाटू शकते.

तिसरीतलं तुला फारसं आठवत नसेल. वर्गात चक्कर, उलट्या, सगळे म्हणाले पित्त, माईंनी कोकम सरबत दिलं. संध्याकाळी भिंत धरून चालत आलास नि म्हणालास, आई तू दोन दिसतेस. एमआरआयमध्ये छोट्या मेंदूत स्ट्रोक निघाला. आठ वर्षांच्या पोराला! हृदयाच्या, रक्ताच्या टेस्ट नॉर्मल, ॲस्पिरिन चालू, तरी परत झाला. मग त्या डॉक्टर मॅडमनी मान पुढंमागं वाकवून एक्स-रे काढायला लावले तेव्हा कळलं, दुसऱ्या मणक्याचा वरचा सुळका सुटा आहे, मान हलली की पहिला मणका सरकतो, आणि मागच्या मेंदूला रक्त नेणारी धमनी नेमकी तिथंच वळसा घेते, ती ताण बसून आतून चिरत होती आणि तिथली गुठळी वर जात होती.

मान वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं त्या दोन मणक्यांत असतं, म्हणून ते जोडायच्या ऑपरेशननंतर तू अख्खं अंग वळवून मागं बघायचास. पोरं रोबो म्हणायची. कबड्डी सुटली तर तू चुन्याच्या लाईनबाहेर बसून स्कोअर लिहायला लागलास, बाबा अजून ती वही आल्यागेल्याला दाखवतात.

झालंच बघ लेक्चर. सॉरी बाळा, तू सांभाळतोस मला माहितीये. फक्त रूममेटला सांगून ठेव, अचानक चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, काही झालं तर पित्त म्हणून झोपवायचं नाही, थेट हॉस्पिटल, आणि तिथं आधी मानेचं सांगायचं.

पमाआत्याबरोबर चिवडा पाठवलाय. गणपतीला येताना एसटीत मागच्या सीटवर बसू नको, गचके बसतात. आणि त्या सलूनवाल्याला तूच सांग, नाहीतर नंबर दे, मी बोलते. नको, चिडशील. तूच सांग, पण पुढच्या कटिंगच्या आधी सांग.

आई