विषय : देवनागरी असलेल्या ओळीत बिघडणारं कोड कम्प्लिशन आणि न चाललेल्या टेस्टना मिळणारी हिरवी खूण

प्रति,
उत्पादन विभागप्रमुख,

आज तुमच्या सपोर्टने माझं तिकीट (तक्रारीची नोंद) 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद केलं. निराकरण झालेलं नाही. म्हणून थेट तुम्हाला लिहितो आहे.

तुमच्या टूलच्या मागच्या मोठ्या अपडेटपासून कोडच्या ओळीत कर्सरच्या आधी देवनागरी मजकूर असला की कोड कम्प्लिशनचं सजेशन, म्हणजे टाइप करताना टूल सुचवतं तो शब्द, भलत्याच जागी पडतं. 'एकूण' एवढी एक स्ट्रिंग (कोडमधला मजकुराचा तुकडा) पुरते. एंटर दाबलं की शब्द आठ घरं पुढे जाऊन बसतो आणि तिथला कंस, स्वल्पविराम, जे असेल ते पुसून टाकतो. आठच का, हे तुमच्या इंजिनियरना मी सांगायची गरज नसावी. यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या दोन पद्धती; 'एकूण'ची यूटीएफ-१६ मध्ये चार एककं होतात आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट, फरक आठ. एडिटर आणि सजेशन पाठवणारा सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये वेगळं काही ठरलं नसेल तर जागा यूटीएफ-१६ नेच मोजायची असते. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून यूटीएफ-८ वापरता येतं, पण तसं एडिटरशी सुरुवातीलाच ठरवावं लागतं. तुमचा सर्व्हर काही ठरवत नाही आणि उत्तरात सरळ बाइट मोजून पाठवतो. हे सगळं मी तिकिटात लॉगसकट पहिल्याच दिवशी लिहिलं होतं.

त्यावर कॅशे साफ करायला सांगितलं, मग रिइन्स्टॉल, मग पुन्हा कॅशे. सगळं केलं. आजचा कॉल मात्र जसा झाला तसा सांगतो.

मी विचारलं, "लॉग बघितलात का?"

"हो सर. तुमच्या कोडमध्ये नॉन-इंग्लिश अक्षरं आहेत."

"आहेत. तक्रारच त्याची आहे."

"मग ती काढून बघा ना सर. इंग्लिशमध्ये आमच्याकडे व्यवस्थित चालतंय."

मी म्हटलं, हा मजकूर पावतीवर छापला जातो, ती वाचणारी माणसं मराठी वाचतात. पलीकडे थोडा वेळ टायपिंगचा आवाज, आणि मग, "सर, कोडिंग शक्यतो इंग्लिशमध्येच करतात. आमच्या सगळ्या टेस्ट पास आहेत."

आमची भाषा काढली की तुमचा बग जाईल, हा उपाय पैसे भरणाऱ्या ग्राहकाला सांगितला गेला! आणि टेस्ट पास आहेत म्हणजे काय? टेस्टमध्ये नुसती रोमन अक्षरं असतील तर त्या पास होणारच. देवनागरीची एक ओळ आणि एक इमोजी घालून कोणी तपासलं असतं तर हे अपडेट बाहेर पडलंच नसतं. अरबी, रशियन, जपानी लिहिणाऱ्यांच्या ओळीही याच मोजणीने बिघडणार.

दुसरी गोष्ट टेस्ट पॅनेलची. पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला एकही टेस्ट सापडली नाही तर तो एक्झिट कोड (संपताना निकाल सांगणारा आकडा) ५ देतो. तुमचं पॅनेल त्यालाही हिरवी खूण देतं. फोल्डरचं नाव बदलल्यावर आमच्या टेस्ट सापडेनाशा झाल्या, पॅनेल हिरवंच राहिलं आणि न तपासलेला कोड पुढे गेला. हेही तिकिटात होतं. त्यावर आजवर कोणी एक शब्द बोललेलं नाही.

हे टूल घ्यावं असा आग्रह टीमकडे मीच धरला होता. मेथडचं नाव आठवत नसलं तरी टाइप ओळखून तुमचं कम्प्लिशन नेमकी मेथड वर आणायचं. त्यामागे किती बारीक काम असतं ते मला कळतं, म्हणून हे जास्त लागलं.

तिकीट पुन्हा उघडा. मोजणी दुरुस्त करा. इंग्रजीबाहेरच्या लिप्यांच्या रिग्रेशन टेस्ट (दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडलं तर पकडणाऱ्या) कायमच्या घाला आणि त्या स्किप करून रिलीज काढू नका. कोड ५ ला हिरवी खूण देणं थांबवा. आणि मजकूर काढून टाकायचा तो सल्ला लेखी मागे घ्या, कारण तो मला अजून पटलेला नाही आणि पटणारही नाही.

टीम लायसन्सचं नूतनीकरण मी थांबवलं आहे. प्रोटोकॉल २०१६ पासून खुला आहे, त्यामुळे दुसरा एडिटर आणि दुसरा सर्व्हर जोडून बघायला आम्ही सुरुवातही केली आहे. दुरुस्ती कोणत्या रिलीजमध्ये येणार हे कळलं नाही तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत हवेत.

फोन करू नका. उत्तर लेखी द्या, आणि ते सर्व्हरचा कोड बघणाऱ्या माणसाने लिहिलेलं असू द्या.

आपला ग्राहक
(टीम लायसन्सधारक)