हिरड्यांच्या दुखण्याविषयी

चि. सौ. मेघना हिस अनेक आशीर्वाद.

घास चावताना खालच्या हिरड्या ठणकतात, चूळ भरली की रक्त दिसते, म्हणून त्या बाजूने ब्रश फिरवणेच तू सोडले आहेस, असे काल फोनवर म्हणालीस. नेमके तेच करू नकोस. दाताच्या मुळाशी साचणारा मऊ, चिकट थर काढला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच त्याचे कठीण कीटण होते, आणि ते मग कोणत्याही ब्रशाने निघत नाही. एरवी एवढ्या थराने हिरडी थोडीशी लाल झाली असती. परंतु गरोदरपणात शरीरातले प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक (हार्मोन) वाढून हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे तेवढ्यानेही ती फुगते आणि धक्का लागताच रक्त येते. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, असे शेजारपाजारच्या बायका सांगतील, त्यात तथ्य नाही.

मऊ ब्रश घे, तो हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हाताने दोन वेळा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे फिरव. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्यास ठणका कमी होईल, मात्र कीटण त्याने जाणार नाही. तुला अजूनही सकाळी उलट्या होतात. उलटीनंतर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भर आणि अर्धा तास थांब, कारण पोटातल्या आम्लाने दातांचा वरचा थर तेवढ्या वेळापुरता मऊ पडलेला असतो. लवंगेचे तेल हिरडीवर थेट लावू नकोस, कातडी भाजल्यासारखी होते. आणि कोणी कितीही मायेने मशेरी पुढे केली तरी स्पष्ट नाही म्हण. तव्यावर भाजून पूड केली तरी तो तंबाखूच, आणि त्यातले निकोटिन हिरडीतून रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचते.

पोटुशी बाईने दाताच्या दवाखान्याची पायरी चढू नये, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. कीटण काढून दात साफ करून घेणे या काळात सुरक्षित असते, जागा बधिर करण्याचे इंजेक्शनही देता येते. तुझा पाचवा महिना चालू आहे, म्हणजे वेळही सोयीची आहे. पुढे पोट वाढल्यावर खुर्चीत उताणे पडून राहणे जड जाईल. जाताना बाळंतपणाची फाइल बरोबर ने आणि कितवा महिना आहे ते आधीच सांग, कारण डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधे आता चालत नाहीत. दुखण्यावर घरात पडलेली आयब्युप्रोफेनची गोळीही स्वतःच्या मनाने घेऊ नकोस; पॅरासिटामॉलसुद्धा तुझ्या डॉक्टरांना विचारूनच घे. साखरेची तपासणी राहिली असेल तर तीही करून घे, वाढलेल्या साखरेने हिरड्या लवकर बिघडतात.

गालावर सूज आली, ताप चढला, पू आला किंवा तोंड उघडेना झाले, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जावईबापूंना या शनिवारीच वेळ घ्यायला सांग, आणि काय झाले ते मला कळव.

तुझी,
आई